रात्री चार वेळा लघवीला उठणं: प्रोस्टेट बघा, पण पोटाचा घेर आणि शुगरही बघा

अमळनेरहून एका भाऊंनी विचारलंय, थोडक्यात असं. वडील (घरात त्यांना अप्पा म्हणतात, मीही तेच म्हणतो) वय ५७, वजन ८४ किलो, पोट सुटलेलं, बीपीची गोळी चालू, शुगर "बॉर्डरवर" म्हणजे उपाशीपोटी ११८. रात्री चार वेळा लघवीला उठतात, धार बारीक झालीय, सोनोग्राफीत प्रोस्टेट (लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी असलेली पुरुषांची ग्रंथी) ३४ ग्रॅम आलं. टॅमसुलोसिन ही प्रोस्टेटची गोळी सुरू करून दीड महिना झाला, धार जरा सुधारली पण रात्रीचं उठणं आहे तसंच. परत दाखवायला गेले तर डॉक्टर म्हणाले पोट कमी करा, शुगर नीट तपासा. घरचे म्हणतात दुखणं लघवीचं आणि हे पोटाचं काय काढून बसले, ऑपरेशन लागणार असेल तर सरळ तसं सांगत का नाहीत.

भाऊ, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय. मी युरोलॉजिस्ट आहे, जळगावात बसतो, धुळे-नंदुरबारकडूनही पेशंट येतात, आणि अप्पांसारखा माणूस माझ्यासमोर रोज असतो. पन्नाशी ओलांडलेला, ढेरी आलेला, "रातले झोपच लागत नही डॉक्टर, घडीघडी उठनं पडस" म्हणणारा, आणि हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट, ज्यात ग्रॅमच्या आकड्याला कुणीतरी पेनाने गोल केलेला असतो. सगळ्या घराचं लक्ष त्या गोलात.

त्या आकड्याचं आधी बोलू. तरुण माणसाचं प्रोस्टेट साधारण २० ते २५ ग्रॅमचं असतं, पन्नाशीत निम्म्या पुरुषांमध्ये ते वाढायला लागलेलं असतं, त्यामुळे ५७ व्या वर्षी ३४ ग्रॅम म्हणजे काही विशेष नाही. आणि ग्रॅमचा नि त्रासाचा मेळ बसतोच असं नाही, ८० ग्रॅमचं प्रोस्टेट घेऊन शांत झोपणारे आजोबा मी बघतो आणि २८ ग्रॅमवाल्याची लघवी अडकून नळी टाकायची वेळ येते तेही बघतो. म्हणून आकडा बघून घाबरायचं नाही, आणि सगळा त्रास त्या एका आकड्यावर ढकलायचाही नाही.

आता पोटाचा संबंध कसा ते. पोटाच्या आत, आतड्यांभोवती जी चरबी साठते तिच्यामुळे शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, मग स्वादुपिंड आणखी जास्त इन्सुलिन सोडतं, शुगर कागदावर अजून बॉर्डरवर दिसते पण इन्सुलिन कित्येक वर्षं आधीपासून चढलेलं असतं. आणि इन्सुलिन फक्त साखरेचं काम बघत नाही, ते पेशींना वाढायलाही लावतं, शिवाय रक्तातला त्याच्याच जातीचा एक ग्रोथ फॅक्टर जास्त मोकळा होतो, आणि प्रोस्टेटच्या पेशींवर या दोन्हींचा असर होतो. दुसरं म्हणजे इन्सुलिन चढलं की सिम्पथेटिक नसांचा (ताणाच्या वेळी शरीराला तयार ठेवणाऱ्या नसा) जोर वाढतो, बीपी वाढायला त्या कारणीभूत असतातच, पण त्याच नसा प्रोस्टेटचा आणि लघवीच्या पिशवीच्या तोंडाचा स्नायू आवळून धरतात. टॅमसुलोसिन नेमका हाच स्नायू सैल करतं. म्हणजे एकीकडे गोळी सैल करतेय आणि दुसरीकडे पोट, बीपी आणि इन्सुलिन मिळून तोच स्नायू परत आवळतायत, असं चाललेलं असतं. त्यात चरबीतून सूज वाढवणारी द्रव्यं रक्तात येत राहतात, ओटीपोटातल्या रक्तवाहिन्या अरुंद होतात, पिशवीच्या स्नायूला रक्त कमी पडतं आणि तो चिडचिडा होतो, थोडी लघवी जमली तरी घाई लागते.

हे आजकाल निघालेलं खूळ नाही. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या जेराल्ड रीव्हन यांनी शुगर, बीपी, चरबी हे सगळं एका मुळातून येतं असं मांडलं, त्यालाच पुढे मेटाबॉलिक सिंड्रोम नाव पडलं, आणि १९९० च्या दशकात स्वीडनमध्ये यान हामारस्टेन यांनी दाखवलं की ज्यांना शुगर, बीपी, लठ्ठपणा आहे, इन्सुलिन चढलेलं आहे, त्यांचं प्रोस्टेट जास्त वेगाने वाढतं. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो कारण यावर पुष्कळ अतिशयोक्ती चालते. २०१५ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी असे आठ अभ्यास एकत्र करून बघितले तर मेटाबॉलिक सिंड्रोमवाल्यांचं प्रोस्टेट सरासरी जेमतेम २ मिलीने (म्हणजे साधारण २ ग्रॅमने) मोठं निघालं, आणि लक्षणांच्या स्कोअरमध्ये तर फरकच निघाला नाही. तेव्हा "पोट कमी करा, प्रोस्टेट वितळून जाईल" असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. माझ्या मते अप्पांच्या बाबतीत खरा धागा वेगळाच आहे, तो प्रोस्टेटच्या साइजमधून जात नाही, तो रात्री किडनी किती लघवी तयार करते तिथून जातो.

शेतात ठिबकचं पाणी नीट येत नसलं तर आपण नुसता एक व्हॉल्व्ह उघडून बघत बसत नाही, विहिरीची पातळी बघतो, मोटार बघतो, फिल्टर बघतो, मग लाईन बघतो. लघवीचंही तसंच बघायला पाहिजे: किडनी बनवते किती, पिशवीत मावते किती, प्रोस्टेट अडवतं किती, आणि शेवटी पिशवी रिकामी होते का. रात्री चार वेळा उठणं हे या चारपैकी कशानेही होऊ शकतं, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

हे ओळखायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे लघवीची वही. तीन दिवस, चोवीस तास, प्रत्येक वेळची लघवी मापाच्या प्लॅस्टिकच्या मगात मोजायची आणि वेळ नि मिली लिहायचं, सोबत काय प्यायलं तेही. लोक लाजतात, टाळतात, पण ज्यांनी आणली त्यांचं निदान निम्मं तिथेच होतं. रावेरकडचे एक केळीवाले काका होते, त्यांच्यासाठी काकूंनी शाळेच्या वहीत रकाने आखून लिहिलं होतं. रात्रीचं पान असं: ११.४० ला ३५०, दीडला ३००, चारला ४००, सकाळी सव्वासहाला ३५०. म्हणजे झोपल्यापासून सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंत १४०० मिली, आणि चोवीस तासांची बेरीज ३३००. साठीकडे झुकलेल्या माणसाची रात्रीची लघवी एकूण लघवीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेली की रात्री लघवी जास्त बनतेय असं आम्ही धरतो, यांची ४२ टक्के होती. आणि दरवेळी ३००-४०० भरून होत होती म्हणजे पिशवी चांगली भरत होती. त्यांचं प्रोस्टेट ४० ग्रॅम होतं, आणि ते "ऑपरेशनची तारीख द्या" म्हणत आले होते. जेवणानंतर दोन तासांची शुगर काढली तर २३६.

उलट कुणाच्या वहीत रात्रीचे आकडे ८०, १००, ७० असे असतील, तर लघवी जास्त बनत नाहीये, पिशवी थोड्यावरच घाई करतेय किंवा नीट रिकामी होत नाहीये, मग प्रोस्टेट आणि पिशवीकडे जास्त बघायचं. तक्रार दोघांचीही "चार वेळा उठतो" हीच असते. अप्पांची वही अजून कुणी केलेलीच नाहीये, ती आधी करा. फक्त एक, रात्रीची लाईट असते तेव्हा मोटार चालू करायला शेतात जावं लागतं, तिथे जागं राहायला चहा होतो, ती रात्र वहीत वेगळी लिहा नाहीतर हिशोब चुकेल.

आता रात्री लघवी जास्त का बनते. पहिलं शुगर. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीत उतरायला लागते आणि सोबत पाणी ओढून नेते. अप्पांची उपाशी ११८ आहे म्हणून निवांत राहू नका, रात्री साडेनऊला पोटभर जेवून अकरा वाजता किती असते ते कुठे माहितीये? जेवणानंतरची आणि एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर) दोन्ही करा. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, ६.५ पासून पुढे डायबेटिस. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये आलेल्या अहवालात देशात १०.१ कोटी डायबेटिसवाले आणि १३.६ कोटी प्रीडायबेटिसवाले असा अंदाज आहे, तेव्हा बॉर्डरवर असणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही, आणि पुष्कळांना त्याचा पत्ता लघवीच्या तक्रारीवरूनच लागतो.

दुसरं मीठ, आणि याच्याकडे आपल्याकडे कुणीच बघत नाही. बीपीवाल्या, वय झालेल्या माणसाचं शरीर दिवसभरातलं जास्तीचं मीठ रात्री बाहेर टाकतं आणि त्यासोबत पाणीही जातं. जपानमध्ये नागासाकीच्या डॉक्टरांनी रात्री उठणाऱ्या लोकांचं मीठ कमी करून बघितलं, ज्यांचं दिवसाचं १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आलं त्यांचं रात्रीचं उठणं सरासरी २.३ वरून १.४ वर आलं. गोळी नाही, काही नाही. आता आपलं ताट बघा. शेवभाजी, तिच्या शेवेत मीठ, रश्श्यात मीठ, सोबत पापड, लोणचं, ठेचा, आणि हे सगळं रात्री. डब्ल्यूएचओ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. मी खानदेशातल्या माणसाला शेवभाजी सोडा म्हणत नाही, ती दुपारी खा म्हणतो आणि आठवड्यातून एकदा. रात्री कळण्याची भाकरी, भाजी, वरण, पापड-लोणच्याशिवाय, आणि जेवण साडेसात-आठच्या आत. हिवाळ्यात भरीत पार्ट्या सुरू झाल्या की माझ्याकडे रात्रीच्या तक्रारी घेऊन येणारे वाढतात, त्यात उशिराचं जेवण, मीठ आणि कुणाकुणाची दारू तिन्ही आलं.

तिसरं पायाची सूज. दिवसभर खुर्चीत किंवा उभं राहून पायात पाणी उतरतं, आडवं झालं की ते रक्तात परत येतं आणि किडनी ते गाळून टाकते. संध्याकाळी मोज्याचा वण खोल उमटतो का बघा. अप्पांची बीपीची गोळी अॅम्लोडिपिन असेल तर तिच्यानेही घोट्याला सूज येते. संध्याकाळी तासभर पाय उशीवर उंच करून पडलं तर तेच पाणी झोपायच्या आधी निघून जातं. बऱ्याच बीपीच्या गोळ्यांत लघवीचं औषध मिसळलेलं असतं आणि लोक ती रात्री जेवून घेतात, डॉक्टरांना विचारून सकाळी करून घ्या. आणि चौथं घोरणं, हे आईंना विचारा, अप्पांना नाही. मान जाड, जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकून दचकणं, दिवसा डुलक्या, हे असेल तर स्लीप अॅप्निया असू शकतो, त्यात हृदयातून एक हार्मोन सुटतं जे किडनीला लघवी वाढवायला लावतं. माणसाला वाटतं लघवीने जाग आली, खरं तर श्वास अडकून जाग आलेली असते. ही तपासणी आता घरी मशीन लावूनही होते.

पाण्याचं म्हणाल तर खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, मुतखडे आपल्याकडे काही कमी नाहीत, त्यामुळे पाणी तोडा असं मी कधीच सांगत नाही. संध्याकाळी सातपर्यंत प्यायचं ते भरपूर प्या, नंतर घोट घोट, आणि सहानंतर चहा बंद. उशाशी तांब्या भरून ठेवायची सवय सुद्धा जरा बघा.

घेर कसा मोजायचा सांगतो कारण पँटच्या नंबरावर जाऊन फसगत होते. पँट ढेरीच्या खाली बांधलेली असते, माणूस ३४ सांगतो आणि टेप लावली की ४१ इंच निघतात. टेलरची टेप घ्या, शर्ट वर करा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. आपल्याकडच्या पुरुषाला ९० सेंटीमीटर म्हणजे साडेपस्तीस इंच ही हद्द. त्यासोबत लिपिड म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीत ट्रायग्लिसराइड १५० च्या वर, एचडीएल ४० च्या खाली, बीपी १३०/८५ च्या वर किंवा गोळी चालू, उपाशी शुगर १०० च्या वर, या पाचातले तीन असले की मेटाबॉलिक सिंड्रोम. अप्पांचं बीपी आणि शुगर दोन तर आहेतच, तुम्ही लिहिलंय त्यावरून घेरही असणारच, म्हणजे लिपिड न करताच तीन झाले. तरी लिपिड करा, हृदयासाठी.

आता एका धोक्याबद्दल, हा माझ्या मनाला जास्त लागतो. शुगर वर्षानुवर्षं चढी राहिली की पिशवीच्या नसा बधिर होतात, भरली तरी कळत नाही, माणूस सांगतो "मला काही त्रास नाही, दिवसातून तीनदाच जातो" आणि सोनोग्राफीत लघवी करून आल्यावरही पिशवीत ५००-६०० मिली शिल्लक असते, मग रात्री अंथरुणात नकळत गळते आणि मागे किडनीवर दाब येतो. दुखत नसतं म्हणून लोक येत नाहीत. अशा पिशवीला प्रोस्टेट काढून सुद्धा ताकद येईलच असं नसतं. म्हणून अप्पांच्या रिपोर्टमध्ये लघवीनंतर शिल्लक किती हा आकडा शोधा, ग्रॅमपेक्षा तो महत्त्वाचा. नसेल लिहिला तर परत करून घ्या. सोबत लघवीची तपासणी, क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि पीएसए (प्रोस्टेटसाठी) या रक्ताच्या तपासण्या, आणि युरोफ्लो, म्हणजे मशीनमध्ये लघवी करून धारेचा वेग बघायचा, तेव्हा किमान १५० मिली तरी व्हायला पाहिजे.

औषधांचं. टॅमसुलोसिनने धार सुधारली म्हणजे ते काम करतंय, बंद करू नका, फक्त रात्री झटकन उठून चालायला लागू नका, बसा, मग उठा, बीपी खाली येऊन पडणारे बघितलेत. शुगरसाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन सुरू झालं तर ती गोळी साखर मुद्दाम लघवीतून काढते, लघवी वाढते, कुणाला पुढच्या कातडीला खाज-बुरशी होते. हृदयाला नि किडनीला ती फार चांगली आहे, मनाने बंद करायची नाही, सकाळी घ्यायची आणि स्वच्छता ठेवायची. सर्दी झाली म्हणून मेडिकलवरून स्वतःच्या मनाने सर्दीची गोळी आणू नका, त्यातल्या काही औषधांनी लघवी पूर्ण अडकते. आणि प्रोस्टेटच्या नावाने विकतात ती चूर्णं, कॅप्सूल: सॉ पाल्मेटो नावाच्या वनस्पतीवर अमेरिकेत दोन मोठ्या चाचण्या झाल्या, २००६ आणि २०११ मध्ये निकाल आले, खोट्या गोळीपेक्षा फायदा निघाला नाही. ते पैसे भाजीपाल्याला लावा.

अजून एक, जे मुलाला विचारता येत नाही. ज्या रक्तवाहिन्यांमुळे लघवीचा त्रास होतो त्यांच्यामुळेच लैंगिक ताकदही कमी होते, आणि ते कित्येकदा हृदयाच्या त्रासाच्या दोन-चार वर्षं आधी दिसतं. माणूस मुलासमोर हे बोलत नाही, मान खाली घालून बसतो. म्हणून डॉक्टरकडे गेल्यावर अप्पांना पाच मिनिटं एकटं सोडा, तुम्ही बाहेर थांबा.

वजन ८४ आहे, त्यातले ५ ते ६ किलो सहा महिन्यांत कमी करायचे, एवढंच. चेन्नईत प्रीडायबेटिसवाल्यांवर झालेल्या आणि २००६ मध्ये आलेल्या अभ्यासात नुसत्या खाण्या-चालण्याच्या बदलाने तीन वर्षांत डायबेटिसचं प्रमाण साधारण २८ टक्क्यांनी कमी झालं. आणि अमेरिकेतल्या पुरुषांच्या एका मोठ्या पाहणीत आठवड्याला दोन-तीन तास चालणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटच्या त्रासाचं प्रमाण पाव हिश्श्याने कमी दिसलं. "रोज शेतात जातो की" हे चालणं होत नाही कारण बांधापर्यंत मोटारसायकल जाते. रात्री जेवल्यावर वीस मिनिटं गल्लीत चक्कर आणि सकाळी अर्धा तास, बस. त्या केळीवाल्या काकांनी एवढंच केलं, शुगरची गोळी, मीठ कमी, जेवण लवकर, टॅमसुलोसिन चालूच, तीन महिन्यांनी ते एकदा उठायला लागले, कधी दोनदा. प्रोस्टेट ४० चं ४० च आहे. धार विशीतल्यासारखी झाली नाही, होणारही नव्हती.

ऑपरेशन कधी, ते स्पष्ट सांगतो. लघवी पूर्ण अडकली आणि गोळ्यांवर नळी निघत नसेल, परत परत इन्फेक्शन, प्रोस्टेटमुळे पुन्हा पुन्हा रक्त, पिशवीत खडा, किडनीवर परिणाम, किंवा औषधं नीट घेऊनही खरोखर अडथळ्याचाच त्रास होत असेल, तेव्हा ऑपरेशन टाळू नये आणि घाबरूही नये. अप्पांच्या लिहिलेल्या माहितीत यातलं आज काहीच दिसत नाही. पण लघवीत रक्त दिसलं, थंडी वाजून ताप आला किंवा लघवी होतच नाही असं झालं तर वहीबिही बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना. आणि अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरत असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना आधी सांगा की टॅमसुलोसिन चालू आहे, त्या गोळीने बाहुलीभोवतीचा पडदा ऑपरेशनमध्ये ढिला पडतो आणि त्यांना त्याची तयारी ठेवावी लागते.